शेजारच्या खाटेवरची तक्रार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की निवासी शाळांत पेट्या, गाद्या, बादल्या परत येऊ लागतात. खोल्या वाटून होतात, भोजनगृहाच्या पाळ्या लागतात, आणि थोड्याच दिवसांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री शपथ घेतात, फोटो निघतो. याच उत्साहात कुणीतरी सुचवते, ‘यंदा मुलांचे न्यायालयही काढू या.’ कल्पना चांगली आहे. पण स्वच्छतामंत्री नुसताच मिरवत राहिला तर फार तर वऱ्हांड्यात केर साचतो. न्यायमंडळ वाईट चालले तर एखादे पोर रात्र रात्र जागे राहते. आश्रमशाळा, नवोदय, खासगी बोर्डिंग अशा निरनिराळ्या ठिकाणी हे काम जवळून पाहिलेले आम्ही काही जण, यंदा ते सुरू करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, त्याला इलाज नाही. या कामात चुका होतात त्या बारीकसारीक गोष्टींतच.

दिवसाच्या शाळेत भांडण झाले तर पाचची घंटा निम्मे भांडण मिटवते. दोघे दोन रस्त्यांनी घरी जातात, जेवतात, सकाळपर्यंत राग उतरलेला असतो. निवासी शाळेत ज्याची तक्रार करायची तोच शेजारच्या खाटेवर झोपतो, त्याच नळावर आंघोळीला येतो, त्याच पंगतीत बसतो. म्हणून न्यायमंडळाचा कुठलाही नियम ठरवताना आधी विचारावे, की तक्रार करणारे मूल आज रात्री कुठे झोपणार आहे आणि त्याच्या आजूबाजूला कोण असणार आहे? ज्या नियमाला याचे उत्तर देता येत नाही तो कागदावर कितीही शोभिवंत असो, खोडून टाकावा.

वसतिगृहात ‘चुगलखोर’ हा शिक्का बसला की तो वर्षभर पुसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मुलांना चुगली आणि तक्रार यांतला फरक सांगावा लागतो. चुगली गृहपालांच्या कानात होते. ज्याच्याबद्दल केली त्याला काय सांगितले गेले हेच कळत नाही, कळते ती एकदम शिक्षा. तक्रार कागदावर होते, ती समोरच्याला वाचून दाखवली जाते आणि त्याला उत्तर द्यायला मिळते. पाचवीतल्या मुलालाही हा फरक लगेच पटतो. पटत नाही तो बहुधा मोठ्यांना, कारण चुगलीवर वसतिगृह चालवणे सोपे असते.

या प्रकारच्या न्यायमंडळाचा सर्वांत बारकाईने लिहून ठेवलेला नमुना पोलंडमधला आहे. वॉर्सा शहरात क्रोखमाल्ना रस्त्यावर १९१२ मध्ये ज्यू अनाथ मुलांसाठी बांधलेले ‘दोम शेरोत’ हे घर डॉक्टर यानुश कोर्चाक आणि स्तेफानिया विल्चिन्स्का यांनी चालवले. तिथे मुलांचे न्यायालय होते आणि त्याची कलमवार संहिता होती. तिची सुरुवातच अशी, की कुणी वाईट वागले तर सगळ्यांत बरे म्हणजे त्याला माफ करावे. माहीत नव्हते म्हणून चुकला असेल तर आता त्याला कळले आहे. कुणी भरीला घातले म्हणून चुकला असेल तर पुढच्या वेळी तो ऐकणार नाही. पण गरीब स्वभावाच्या मुलांना दांडगे छळणार नाहीत, हे पाहणे न्यायालयाचे कामच आहे. कलम १ ते ९९ पर्यंत शिक्षा नाहीच. माफी, तक्रार मागे घेणे, दुर्लक्ष करणे यांचेच नाना प्रकार. नेमके काय घडले ते कळत नाही, म्हणून निकाल देत नाही, असे सांगण्याचीही सोय त्यात आहे. मग १००, २००, ३०० अशा टप्प्यांनी कलमे चढतात. १०० म्हणजे ‘माफ न करता, तू हे केलेस एवढे नोंदवतो’. २०० म्हणजे ‘चुकीचे वागलास’. ३०० म्हणजे ‘वाईट वागलास’. ५०० ला निकाल घरच्या वार्तापत्रात छापायचा, ७०० ला नातेवाइकांना कळवायचा. ९०० ला आशा सोडल्याचे सांगायचे आणि कुणी त्या मुलाची हमी घेतली तरच त्याला ठेवायचे. १००० म्हणजे घराबाहेर, आणि तरीही तीन महिन्यांनी परत अर्ज करण्याचा हक्क.

या आकड्यांतली गंमत अशी, की तिथे मारही नाही, उपासही नाही. ‘तुला दोनशे मिळाले’ एवढेच पुरेसे असते, कारण ते पाच बरोबरीच्या मुलांनी नीट ऐकून घेऊन दिलेले असते. न्यायाधीश चिठ्ठी टाकून निवडले जात, आणि चिठ्ठ्या टाकायच्या त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही तक्रार नाही अशांच्याच. पन्नास प्रकरणांमागे पाच जण. खुद्द कोर्चाक यांनी सहा महिन्यांत पाच वेळा स्वतःलाच न्यायालयापुढे उभे केले. एकदा मुलाला कानफटात मारल्याबद्दल, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतल्याबद्दल, एकदा न्यायाधीशाचा अपमान केल्याबद्दल वगैरे. सगळे सुरळीत चालले असेही नाही. ‘शंभर मिळाले तर मिळाले, माझे काय जाते?’ म्हणणारी पोरे तिथेही निघाली, आणि न्यायालय मध्ये काही आठवडे बंद ठेवावे लागले. ज्यांच्याकडे ते काही महिन्यांत कोसळेल त्यांनी खचू नये, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसरा नमुना इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या समरहिल शाळेचा. १९२१ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत तक्रारी सभेपुढे येतात आणि पाच-सहा वर्षांच्या मुलापासून मुख्याध्यापकापर्यंत प्रत्येकाला एक मत असते. मार्च २००० मध्ये सरकारी तपासणीवरून शिक्षण खात्याबरोबर झालेला तिचा वाद लंडनच्या न्यायालयात तडजोडीवर आला, तेव्हा ती तडजोड मान्य करायची की नाही हे मुलांनी त्याच न्यायालयाच्या दालनात आपली सभा भरवून ठरवले. ती सगळी व्यवस्था आपल्याकडे उचलून आणणे शक्य नाही. एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी. तिथे काही मोठ्या मुलांना मध्यस्थ म्हणून नेमलेले असते. नळावर भांडण लागले की लहान मूल त्यांतल्या कुणालाही तिथल्या तिथे हाक मारते. तो शिक्षा देत नाही. दोघांना थांबवतो, ऐकतो, मिटले तर मिटवतो. मिटले नाही तरच प्रकरण पुढे जाते. दर मजल्यावर असे दोन मध्यस्थ असले की बादलीवरून, टॉवेलवरून, दोरीवरच्या जागेवरून होणारी भांडणे बहुतेक तिथेच संपतात.

आता आपल्याकडे काय करावे? आधी न्यायमंडळाकडे काय येऊ द्यायचे नाही, ते ठरवावे. लैंगिक स्वरूपाची कोणतीही गोष्ट, मग ती मस्करी म्हणून सांगितलेली का असेना, मुलांच्या हाती क्षणभरही राहू नये. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ सांगते, की अशी माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलीच पाहिजे. न कळवल्याबद्दलची शिक्षा मुलांना लागू नाही, मोठ्यांना आहे. ‘मुलांनी आपसांत मिटवले’ हे मुख्याध्यापकांचे उत्तर तिथे टिकत नाही. रॅगिंगचेही तसेच. १९९९ च्या राज्याच्या कायद्यात वसतिगृहेही येतात, आणि लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची आहे. सातवीतल्या मुलाकडून रोज कपडे धुऊन घेणारा अकरावीतला दादा न्यायमंडळापुढे आणून ‘समज’ देऊन सोडणे म्हणजे ती जबाबदारी पोरांच्या गळ्यात मारणे. याशिवाय रक्त निघेल अशी मारहाण, जातीवरून शिवीगाळ, स्वतःला इजा करून घेण्याची भाषा, कर्मचाऱ्याबद्दलची तक्रार, यांतली कोणतीही चिठ्ठी निघाली की ती त्याच तासात मुख्याध्यापकांकडे जावी आणि अडचणीतल्या मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक पेटीवरच ठळक लिहिलेला असावा.

शिक्षकांची प्रकरणेही तिथे नकोत. गृहपाठ केला नाही, प्रार्थनेला उशिरा आला, वर्गात बोलला, हे न्यायमंडळाकडे पाठवायचा मोह फार होतो, कारण त्याने शिक्षकाच्या डोक्यावरचा वाईटपणा उतरतो. असे दोन-तीन आठवडे झाले की मुले न्यायमंडळाला कार्यालयाची शाखा समजू लागतात आणि पेटीत चिठ्ठ्या येणे बंद होते. मग शिक्षक खुशीत सांगतात, ‘आमच्याकडे तक्रारीच नाहीत.’ मुलांनी मुलांविरुद्ध केलेल्या तक्रारी, तेवढेच त्याचे क्षेत्र. न विचारता वस्तू घेणे, मोडणे, टोपणनावाने चिडवणे, घरून आलेला डबा फस्त करणे, रांग मोडणे, झोपू न देणे, पाळी चुकवणे, खेळात न घेणे. मोठ्यांना या क्षुल्लक वाटतात. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात याच मोठ्या असतात.

नाव शक्यतो न्यायालय ठेवू नये. त्या शब्दाबरोबर सिनेमातली हातोडी, काळा कोट आणि ‘ऑर्डर ऑर्डर’ येते. मुले वकील व्हायला धावतात आणि प्रकरण बाजूला राहते. ‘पंचायत’ तर नकोच, त्या शब्दाला वाळीत टाकण्याचा वास आहे. ‘ऐकमंडळ’ म्हणा, ‘शनिवारची बैठक’ म्हणा. ‘आरोपी’, ‘गुन्हा’, ‘फिर्यादी’ यांच्याऐवजी ‘तक्रार करणारा’ आणि ‘ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो’ एवढे पुरे.

सभासद पाच, शिवाय दोघे राखीव, नोंदी ठेवणारा एक मुलगा आणि एक सल्लागार शिक्षक. निवडणूक नको, कारण निवडणुकीत लोकप्रिय मुले येतात आणि लोकप्रिय मुलांचे गट असतात. सहावीच्या वरच्या प्रत्येक इयत्तेच्या नावांची वेगळी बरणी करून त्यातून चिठ्ठी काढावी. मुदत एक महिना, लागोपाठ दोनदा नाही. मुलामुलींची एकत्र शाळा असेल तर किमान दोन मुली आणि दोन मुलगे. चालू तक्रारीत नाव असलेला वगळावा. हाऊस कॅप्टन, मॉनिटर आणि भोजनगृहाचा प्रमुख यांच्या चिठ्ठ्या बरणीत टाकूच नयेत. ज्याने दिवसभर शिट्टी फुंकून रांगा लावायच्या त्यानेच संध्याकाळी निवाडा करायचा, हे मोठ्यांच्या राज्यातही चालत नाही. प्रत्येक प्रकरणाआधी विचारावे, की दोघांपैकी कुणाच्या खोलीतला, गावचा, नात्यातला किंवा जिगरी दोस्त यांत कुणी आहे का. असल्यास तो त्या प्रकरणापुरता उठतो आणि राखीव दोघांपैकी एक बसतो. आश्रमशाळेत एकाच पाड्यावरची दहा-बारा मुले असतात, तिथे हा प्रश्न नुसता तोंडी विचारून भागत नाही. नोंदणारा मुलगा हजेरीपटावरून गावांची नावे आधीच पाहून ठेवतो.

तक्रारपेटीचे म्हणाल तर बहुतेक शाळांत ती कार्यालयाच्या दारात टांगलेली असते आणि म्हणूनच रिकामी असते. चिठ्ठी टाकताना दिसला की संपले. यावर उपाय म्हणजे बुधवारी रात्रीचा अभ्यास संपताना प्रत्येकाने घडी केलेली चिठ्ठी पेटीत टाकायचीच, काही लिहायचे नसेल तर कोरी. कागद सगळे एकाच मापाचे, ए-फोरचे चार तुकडे. दोनशे मुलांना पन्नास कागद. जुन्या सराव परीक्षांचे पाठकोरे कागद चालतात. कोऱ्या चिठ्ठीवरही प्रत्येकाने काहीतरी गिरवावे, निदान तारीख, नाहीतर कोण लिहितो आहे ते शेजाऱ्याला पेनाच्या हालचालीवरूनच कळते. पेटीला दोन कुलपे, एक किल्ली सल्लागार शिक्षकाकडे आणि एक नोंदणाऱ्या मुलाकडे. दोघांनी मिळून उघडायची, आणि आधी वर सांगितलेली गंभीर प्रकरणे शिक्षकाने बाजूला काढायची.

चिठ्ठीत माझे नाव, कुणाबद्दल, कधी, कुठे, काय झाले आणि मला काय हवे आहे, एवढे असावे. शेवटचे कलम मुले हमखास विसरतात आणि खरे तर तेच सगळ्यांत महत्त्वाचे. ‘माझा कंपास परत हवा’ आणि ‘त्याला शिक्षा हवी’ ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. पुष्कळदा कंपास परत मिळाला की दुसरे प्रकरण उरतच नाही. निनावी चिठ्ठीवर सुनावणी होत नाही. ती शिक्षकाने वाचून मनात ठेवायची, एकाच खोलीबद्दल तीन निनावी चिठ्ठ्या आल्या तर त्या खोलीकडे रात्री अकरानंतर एक फेरी मारायची.

गुरुवारी ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला ती वाचून दाखवावी. शनिवारपर्यंत दोन दिवस त्याला विचार करायला मिळतात; या दोन दिवसांत बरीच प्रकरणे आपोआप मिटतात. धमकीही याच दोन दिवसांत होते. म्हणून वाचून दाखवतानाच सांगायचे, की तक्रार मागे घ्यायला लावणे ही वेगळी तक्रार धरली जाईल. आणि तक्रार मागे आली तर शिक्षकाने त्या मुलाला एकट्याला गाठून विचारायचे, मिटले म्हणून मागे घेतलीस की भिऊन? गरज असेल तर गुरुवारी रात्रीच एक खाट हलवावी. हलवायची तर तक्रार करणाऱ्याला त्याची इच्छा विचारून. त्यालाच न विचारता दुसऱ्या खोलीत पाठवले तर शिक्षा त्यालाच झाली असे सगळे धरून चालतात.

शनिवारची बैठक सायंकाळच्या खेळानंतर आणि जेवणाआधी, पाऊण तास. पाचाहून जास्त प्रकरणे घेऊ नयेत, उरलेली पुढच्या शनिवारी पहिली. जागा प्रार्थनेच्या सभागृहात नको, रहदारीपासून दूरच्या वर्गात. गोल बसावे, चटईवर. प्रेक्षक नाहीत. प्रत्येकाला आपल्याबरोबर एक सोबती आणता येतो आणि तो त्याच्या वतीने बोलू शकतो. ही सोय चैन म्हणून ठेवलेली नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे, नंदुरबारला पावरी बोलणारे, गडचिरोलीत माडिया बोलणारे मूल पहिल्या-दुसऱ्या वर्षी मराठीत अडखळते, आणि अडखळणारे मूल खोटे बोलते आहे असे ऐकणाऱ्याला उगीचच वाटते. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावे, सोबत्याने सांगावे.

क्रम ठरलेला असावा. नोंदणारा तक्रार वाचतो. तक्रार करणारा बोलतो, मग दुसरा. एकाने दुसऱ्याला तोडायचे नाही, तोडले की पुन्हा सुरुवातीपासून. साक्षीदार एकेक आत येतात, बाकीचे बाहेर आणि एकमेकांपासून लांब, नाहीतर तिसऱ्या साक्षीदाराची गोष्ट पहिल्याच्या शब्दांत ऐकायला मिळते. प्रत्येकाला आधी विचारायचे, ‘हे तू पाहिलेस की कुणी सांगितले?’ ऐकीव साक्षीला तिथेच धन्यवाद देऊन परत पाठवायचे. प्रश्न विचारताना ‘का केलेस?’ शक्यतो टाळावे. ‘का’ म्हटले की मूल कारणे रचायला लागते. ‘त्याआधी काय चालले होते?’ आणि ‘मग काय झाले?’ या दोन प्रश्नांनी बहुतेक हकीकत बाहेर येते. शेवटी दोघांनाही विचारायचे, काय झाले म्हणजे तुला बरे वाटेल? मग दोघे बाहेर, पाच जणांची चर्चा, आणि मत चिठ्ठीवर. हात वर करून मत घेतले की कुणी काय केले ते रात्रीपर्यंत सगळ्या खोल्यांना कळते, आणि न्याय देणाऱ्या मुलांनाही त्याच खोल्यांत झोपायचे असते. तीन विरुद्ध दोन आले तर जो सौम्य निकाल असेल तो. निकाल वहीत दोन वाक्यांत, त्यातले एक ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारे. ज्याला मान्य नाही त्याने सात दिवसांत तसे कळवले की राखीव दोघे, आणखी एक चिठ्ठी काढलेले मूल आणि सल्लागार शिक्षक मिळून पुन्हा ऐकतात.

हा सल्लागार शिक्षक गृहपाल नसावा. सुट्टी मंजूर करणे, रजिस्टरला सही, पालकांना फोन हे सगळे गृहपालाच्या हातात असते, त्याच्यासमोर मुले मोकळी होत नाहीत. ग्रंथपाल, चित्रकलेचे शिक्षक, एखाद्या मनमिळाऊ बाई असे कुणी चालेल. त्यांनी गोलाच्या बाहेर बसावे. त्यांना मत नाही. प्रकरण गंभीर निघाले तर बैठक थांबवणे आणि निकाल जड झाला तर हलका करणे, एवढे दोनच अधिकार. जड करण्याचा अधिकार कधीच नाही. याची गरज लागते, कारण मुले स्वतःवर सोडली की मोठ्यांपेक्षा कडक शिक्षा सुनावतात. घरी आणि शाळेत जे पाहिले तेच ती वाटतात.

चोरीवर वेगळे लिहायला हवे, कारण न्यायमंडळे मोडतात ती बहुतेक चोरीवर. साबण, तेलाची बाटली, आतले कपडे, पन्नास रुपये, दिवाळीनंतर आणलेला चिवडा. वस्तू हरवलेली असते आणि पुरावा नसतो. मग अख्ख्या खोलीला उभे करा, सगळ्यांच्या पेट्या उघडा, देवाची शपथ घाला, तांदूळ चघळायला द्या, ज्याचा घास कोरडा तो चोर. भीतीने तोंड कुणाचेही कोरडे पडते, आणि सगळ्यात गरीब घरच्या मुलाचे आधी पडते. यांतले काहीही चालू देऊ नये. कुणी पाहिले नसेल, वस्तू कुणाकडे सापडली नसेल, तर वहीत ‘काय घडले ते कळले नाही’ असे लिहून प्रकरण बंद करायचे. पाच मुलांना हे वाक्य लिहायला लावणे हे सल्लागाराचे सर्वांत अवघड काम. त्यांना वाटते आपण हरलो. त्यांना कोर्चाकच्या संहितेतले ते कलम दाखवावे. आणि त्याच वेळी व्यवस्थेने आपले काम करावे: प्रत्येक पेटीला चालणारे कुलूप, पैसे कार्यालयात नावावर जमा, कपड्यांवर धाग्याने शिवलेला नंबर, आणि ज्याचा साबण संपला आहे त्याला न मागता साबण. साबणाच्या चोऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वाढत असतील तर वाटप महिन्यातून एकदाऐवजी दोनदा करा. परत ठेवण्यासाठी एक जागा असावी, ग्रंथालयाच्या कोपऱ्यातली टोपली, जिथे हरवलेली वस्तू कुणी प्रश्न न विचारता ठेवून जाऊ शकेल.

निकालात काय असू शकते? वस्तू परत करणे, मोडले ते दुरुस्त करणे, सांडले ते पुसणे, ज्याची पाळी चुकवली त्याची एक पाळी करणे, खाट बदलणे, दोन आठवडे एकमेकांच्या वस्तूंना हात न लावणे. काम द्यायचे तर त्या चुकीशी संबंध असलेलेच, जास्तीत जास्त सात दिवस, रोज अर्ध्या तासाच्या आत, आणि अभ्यास, जेवण, झोप यांच्या वेळेत कधीही नाही. माफी ज्याला हवी आहे त्यालाच, आणि एकांतात. ‘चला, हात मिळवा’ हा आपला आवडता शेवट असतो, पण जबरदस्तीने मिळवलेला हात दिवे मालवल्यावर पाठीत बसतो.

आणि काय असू शकत नाही, ते भिंतीवर लावावे. मारणे, उठाबशा, कोंबडा करणे, उन्हात उभे करणे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते, आणि शिक्षकाला जे करता येत नाही ते त्याने मुलांकरवी करवून घेता येत नाही. जेवणातली पोळी किंवा अंडे कमी करणे नाही. घरचा फोन किंवा रविवारची पालकांची भेट बंद करणे नाही. पैशाचा दंड नाही. वीस रुपये एकाला काहीच नाहीत आणि दुसऱ्याचा महिन्याचा खर्च. संडास साफ करणे ही शिक्षा म्हणून कधीच नाही. संडासाची पाळी सगळ्यांना असावी, शिक्षकांसकट असली तर उत्तमच, पण शिक्षा म्हणून ते काम दिले की ते काम आणि ते करणारी माणसे हलकी, असे आपण मुलांना शिकवतो. महाराष्ट्रात हे वेगळे सांगायला लागू नये. ‘आठवडाभर त्याच्याशी कुणी बोलायचे नाही’ हा निकाल मुलांना फार सुचतो आणि तोच सर्वांत क्रूर आहे. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करणाऱ्या राज्यात तो शाळेतून सुरू होऊ नये. अख्ख्या खोलीला शिक्षा नाही. प्रार्थनेत नाव वाचणे नाही. इथे कोर्चाकच्या ५०० ते ७०० या कलमांशी आमचे मत जुळत नाही. शंभरेक मुलांच्या त्या घरात वार्तापत्रात नाव छापणे कदाचित झेपले असेल, पण आज तेच नाव पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाते आणि तिथून परत येत नाही.

वही एकच, पाने क्रमांक घातलेली, कुलपात. त्यातली कोणतीही नोंद प्रगतिपुस्तकात किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यात जाऊ नये. एप्रिलमध्ये नावे काढून फक्त प्रकरणांचे प्रकार आणि निकाल पुढच्या वर्षासाठी उतरवून घ्यावेत आणि मूळ वही मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावी. ही उतरवलेली पाने मोठी उपयोगाची. ‘नळावरची रांग’ या सदरात ऑगस्ट-सप्टेंबरात प्रकरणेच प्रकरणे असतील, तर वळण मुलांना नव्हे, नळांना लावायचे आहे. चाळीस मुलांमागे दोनच तोट्या चालू असतील तर कुठलेही न्यायमंडळ शिस्त आणू शकणार नाही.

जी पायरी हमखास सुटते ती निकालानंतरची. सातव्या दिवशी नोंदणाऱ्या मुलाने दोघांना वेगवेगळे गाठून विचारायचे, ‘आता कसे चालले आहे? रात्री काही होते का?’ आणि उत्तर त्याच पानावर लिहायचे. पान तेव्हाच बंद. पहिला महिना जुन्या, मिटलेल्या किंवा बनवलेल्या प्रकरणांवर सराव करावा, खऱ्या चिठ्ठ्या ऑगस्टपासून घ्याव्यात. शिक्षकांविरुद्धच्या तक्रारी इथे नकोत. मात्र एखाद्या शिक्षकाने कोर्चाकसारखे आपणहून येऊन ‘मी परवा तुझ्यावर उगीच ओरडलो’ म्हणत स्वतःचे नाव चिठ्ठीत टाकले, तर त्याला अडवू नये.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शेवटची बैठक किमान दहा दिवस आधी घ्यावी, म्हणजे सातव्या दिवसाची विचारपूस सुट्टीपूर्वी उरकते. कोणतेही प्रकरण पेटीत किंवा पेटीबाहेर अर्धवट ठेवून मुलांना एस. टी. त बसवू नये. एकाच तालुक्याला जाणारी ती दोघे बहुधा एकाच गाडीत, एकाच बाकावर असतात.

आपले,
निवासी शाळांत शिक्षक, ग्रंथपाल आणि गृहपाल म्हणून काम केलेले काही जण